शाहबेनचा सोफा

टिना वर्गात श्लोक म्हणायला लागली की गिरिजाच्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोला? समुद्रकाठच्या पाली गावातल्या मासेमाराची पोर, घरी हाय-न्हाय बोलणारी, आणि एम.ए.ला संस्कृतात पहिली! वर चर्चमधल्या म्हाताऱ्या फादरकडून लॅटिनही शिकलेली. गिरिजाच्या घरी तीन पिढ्या स्तोत्रं पाठ, पण सर डोळे मिटून ऐकायचे ते टिनाला.

त्यात २००४ साली ती स्कॉलरशिप निघाली. संस्कृत, लॅटिन, ग्रीक असल्या जुन्या भाषा शिकणाऱ्या गरजू मुलांना एक ट्रस्ट दोन वर्षं इंग्लंडला पाठवणार होता, सगळा खर्च त्यांचा. जागा एकच. गाळून गाळून दोन नावं उरली, गिरिजा आणि टिना. आता राहिली घरभेट. ट्रस्टच्या नीलिमाबाई शनिवारी शांती नगरला गिरिजाकडे आणि रविवारी पालीला टिनाकडे जाऊन परिस्थिती बघणार होत्या.

शुक्रवारी टिनाचा फोन आला. "गिरिजा, अंगणात बोंबील सुकतायत, घरभर वास येतोय. ममी म्हणते सगळं काढून टाकू, शेजारच्या लिओनार्ड अंकलकडून टीव्ही आणू. काय करू गं?"

गिरिजाच्या डोळ्यांसमोर नीलिमाबाई आल्या, नाकाला रुमाल लावून दारातूनच परत फिरणाऱ्या. "काही करू नकोस," ती गोड आवाजात म्हणाली. "आहे तसंच राहू दे."

फोन ठेवल्यावर तिला लाज वाटली. पण किती? चहाला आधण येईपर्यंत.

इकडे तिच्या घरी लगीनघाई. खरं तर तिचे बाबा यतीन यांची कंपनी बंद पडून दोन वर्षं झाली होती. आई, ममता, पहाटे उठून डबे करायची, त्यावर घर चालायचं. स्कॉलरशिप नाही तर इंग्लंड नाही, इतकं सरळ होतं. पण आईचं आपलं एकच, "परक्या बाईसमोर लक्तरं काढायची? झाकली मूठ सव्वा लाखाची!" मुलगी बघायला माणसं यावीत तशी तिने तयारी केली. वरच्या मजल्यावरच्या शाहबेनचा सोफा खाली आला, पाठोपाठ काचेच्या कपबश्या आल्या. डब्यांची चळत बाथरूममध्ये गेली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि नीलिमाबाईंना सांगितलं, "सध्या कन्सल्टिंग करतोय." गिरिजाने हे सगळं ऐकलं आणि काजूची बशी पुढे केली. तिलाही बरं वाटत होतं ना! टिनाच्या घरी कुठला आलाय सोफा?

नीलिमाबाई सोफ्यावर टेकल्या, घर छान ठेवलंय म्हणाल्या, वहीत काहीतरी लिहिलं आणि गेल्या.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. आपल्या कुटुंबाची परिस्थिती चांगली असल्याने अधिक गरजू विद्यार्थिनीची निवड करण्यात आली आहे. गिरिजाने ते तीनदा वाचलं. मेली टिना, मेले ते बोंबील!

संध्याकाळी दारात टिनाच उभी, हातात सुक्या बोंबलांचं पुडकं. आत आली आणि गिरिजाला मिठी मारून रडायलाच लागली.

"तुझ्यामुळे झालं गं! ममी तर टीव्ही आणायलाच निघाली होती. मी म्हटलं, गिरिजा सांगते तसंच करायचं. नीलिमाबाई आमच्या ओट्यावर बसल्या, ममीसोबत बोंबील उलटेपालटे करत. तासभर बोलल्या."

गिरिजाने तिच्या हातातलं पुडकं घेतलं.

टिनाने डोळे पुसले आणि आता कुठे खोलीकडे पाहिलं. सोफा केव्हाच वर गेला होता. जमिनीवर चटई, कोपऱ्यात डब्यांची चळत, आणि बाबा जुन्या बनियनमध्ये उद्याची भाजी निवडत बसलेले.

"नीलिमाबाई तर म्हणत होत्या, तुझ्या घरी सगळं आहे," ती हळूच म्हणाली. "गिरिजा, मला सांगितलंस तसं तू का नाही गं केलंस?"

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आईने खूण करून तिला बोलावलं आणि हळूच विचारलं, "पाहुणी आहे. शाहबेनकडून कप आणू का?"

गिरिजाने मान हलवली. "नको," ती म्हणाली. "आहे त्यातच दे."