दहा रात्री मेंढ्या

गाळ्याचं शटर गुडघ्यापर्यंतच येतं. पुढं पायानं दाबावं लागतं.

शेतात मेंढ्या बसवल्या की लेंडीचं खत तीन सालं राहतं. पहिल्या साली ज्वारी चढते, दुसऱ्या साली भरते, तिसऱ्या साली नुसती आठवण ठेवते.

कोंडवाड्याची भिंत पडून गेली, तरी लोक त्या जागेला कोंडवाडाच म्हणतात.

ब्लाऊजच्या शिलाईवर बायका घासाघीस करतात, अस्तराचे पैसे तर मोजतच नाहीत.

कळपात घंटा एकच असते. ती वाजेल तिकडं बाकीच्या जातात.

कल्याणप्पाला डॉक्टरनं साखर बंद केली आहे. चहात तो दुसऱ्याच्या हातानं टाकून घेतो. म्हणजे आपण टाकली नाही.

हे सगळं बेंबळीतलं, आणि एकाच उन्हाळ्यातलं.

दीपालीचा शिलाईचा गाळा कल्याणप्पाच्या मालकीचा. भाडं महिन्याला अडीच हजार. आठवडी बाजार जुन्या जागी भरत होता तोवर ते निघत होतं. दिवाळीनंतर बाजार नव्या मैदानात गेला आणि गाळ्यासमोरून जाणाऱ्या बायका त्याच्यामागं गेल्या. अकरा महिन्यांचा करार जूनमध्ये संपणार होता. भाडं उतरलं नाही तर मशीन उचलून घरी न्यायचं. आणि घर म्हणजे बाप बिराप्पा, आई नागूबाई आणि सव्वाशे मेंढ्या. आठ महिने या रानातून त्या रानात. बैलगाडीत मशीन ठेवून कुणी पिको-फॉल करत नाही.

मे महिन्यातल्या एका सकाळी कल्याणप्पा भाडं न्यायला आला आणि खुर्चीत बसला.

"अप्पा, हजार कमी करा," दीपाली म्हणाली.

"हजार? अगं, औंदा शटरला रंग मारून दिलाय."

"रंग मारलाय, पण ते खाली कुठं येतंय?"

"खाली येत न्हाय तेच बरं. दुकान कायम उघडं!"

"उघडंच हाय. सकाळधरनं दोन बाया आल्या. एक आरशात बघून गेली, एक बँक कुठाय विचारून गेली."

"मग म्या काय करू पोरी? बाजार उचलून आणू?"

"बाजार राहू द्या. भाडं तेवढं खाली आणा."

कल्याणप्पानं मान हलवली, ती हो म्हणूनही नव्हती आणि नाही म्हणूनही नव्हती. रस्त्याकडं बघत त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "बिराप्पाच्या मेंढ्या सध्या कुणाच्या रानात हैत?"

"शिवप्पाच्या."

"अजून शिवप्पाच्याच?"

दीपालीनं कात्री खाली ठेवली. माप घेताना माणूस श्वास कधी धरतं, ते तिला कळायचं. कल्याणप्पानं आत्ता तसाच धरला होता.

बारा वर्षांपूर्वी बिराप्पाच्या मेंढ्या कल्याणप्पाच्या हरभऱ्यात शिरल्या होत्या. कल्याणप्पानं त्या हाकत नेऊन कोंडवाड्यात घातल्या. दोन दिवस आत राहिल्या आणि तीन कोकरं मेली. दंड भरून मेंढ्या सोडवल्या तेव्हा बिराप्पा सगळ्यांदेखत बोलला होता, की या माणसाच्या रानात पुन्हा पाय ठेवणार नाही. तेव्हापासून तो आजूबाजूच्या सगळ्या रानांत मेंढ्या बसवत आला. मधलं कल्याणप्पाचं तेवढं चार एकर कोरडं राहिलं. शिवप्पाची ज्वारी बांधावरून त्याच्या ज्वारीकडं वाकून बघायची. त्यानं ट्रॅक्टरनं शेणखत आणलं, गोण्या टाकल्या. पण बिराप्पाकडं जाऊन मेंढ्या मागणं त्याला जमलं नाही.

"अप्पा," दीपाली म्हणाली, "दहा रात्री मेंढ्या बसल्या तर?"

"कुठं?"

"तुमच्या चार एकरात."

कल्याणप्पानं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा चढवला. "तुझा बाप येणार?"

"मेंढ्या येतील."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"बरं. सहा महिने पंधराशे."

"लेंडी सहा महिन्यांत संपती का? तीन सालं खत तुम्हाला, आन् सहाच महिने सूट मला?"

"तीन साल कोण देतंय गं भाड्यात? बाप मेंढरं राखतोय, पोरगी वकील निघाली."

"वकिलानं फी घेतली असती."

कल्याणप्पा हसला, पण पटकन. "तीन साल. पण शेवटची रात्र झाल्याबिगर कागद करणार न्हाय. आन् मेंढ्या कमी दिसल्या तर भाडं अडीच हजारच."

दुपारी ती शिवप्पाच्या रानात गेली. बिराप्पा लिंबाखाली लोकर कातरत होता. मेंढी त्याच्या दोन गुडघ्यांत धरलेली. दीपालीनं एका दमात सगळं सांगितलं. कातरणी थांबली नाही.

"कुणाला इचारून जबान दिलीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही न्हाय म्हणला असता."

"म्हंजी कळत व्हतं तुला."

पलीकडं भाकरी थापणारी नागूबाई म्हणाली, "तुमच्यावरच गेलीय. बोलली की बोलली."

"म्या त्या रानात पाय ठेवणार न्हाय."

"आबा, तुमच्या पायाचं कोण बोललंय? म्या मेंढ्यांचं बोलले."

"मेंढ्या कुणाच्या?"

"सात माझ्या."

हे खरं होतं. दीपालीच्या बारशाला मामानं एक मेंढी आणली होती. तिची वीण वाढत, विकली जात, मरत, आता सात होत्या. त्यांच्या डाव्या कानाला चीर होती. त्यांची लोकर वेगळी बांधली जायची आणि त्यांच्यातली एक विकायची तर दीपालीला विचारलं जायचं.

बिराप्पानं कातरलेली मेंढी सोडली. ती अंग झाडत, हलकी होऊन पळाली.

"मग तुझ्या सात घेऊन जा."

"सातांनी चार एकर भरतंय का?"

"त्ये तुझं तू बघ. सौदा तू केलास."

तो पुढची मेंढी धरायला उठला. बोलणं संपलं होतं.

रात्रभर दीपालीनं दुसरा मार्ग शोधून पाहिला. मशीनचे हप्ते कधीच फिटले होते, गिऱ्हाइकांचे अकरा ब्लाऊज अर्धे पडले होते, आणि तिला दुसरं काही सुचेना. दुसऱ्या दिवशी तिनं गाळा लवकर बंद केला, शटर पायानं दाबलं आणि दिवस मावळायच्या आत रानात आली.

नागूबाईनं तिच्या साती मेंढ्या बांधाजवळ वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. सगळ्यात पुढं ठिपकी, सगळ्यांत वयानं मोठी. तिच्या गळ्यात घंटा होती. बिराप्पा बाकीच्या कळपात, काठी टेकून, पाठ करून उभा होता.

दीपालीनं ठिपकीला बांधावरून पलीकडं घातलं. घंटा वाजली. मागं सहा गेल्या.

शिवप्पाच्या रानातल्या मेंढ्यांनी माना वर केल्या. एक ओरडली. मग चार. मग धूळ उठली आणि सगळा कळप बिराप्पाच्या दोन्ही बाजूंनी, पाण्याला वाट मिळावी तसा, बांधाकडं निघाला.

"हुर्र," बिराप्पा म्हणाला.

एकदाच म्हणाला. एवढ्या हळू म्हटल्यावर एखादं कोकरूसुद्धा थांबत नाही. काठी त्यानं टेकवलेलीच ठेवली.

नागूबाई आणि दीपालीनं कल्याणप्पाच्या रानात वाघर, म्हणजे मेंढ्यांच्या भोवतीची जाळी, ताणली. बिराप्पानं बांधावर घोंगडी टाकली. त्या रात्री आणि पुढच्या नऊ रात्री तो बांधावरच झोपला. सकाळी वाघर पुढं सरकवायची तेव्हा तिथूनच बोटानं दाखवायचा: "तिकडं अजून दोन हात. दोन म्हणलं, तीन न्हाय."

तिसऱ्या सकाळी कल्याणप्पा चहाची किटली घेऊन आला. आधी त्यानं मेंढ्या मोजल्या, मग बांधाशी येऊन, आपल्या रानातच उभं राहून कप पुढं केला.

"घ्या. चहा रानातला न्हाय, घरचा हाय."

बिराप्पानं बांधावर बसूनच हात लांब केला. घोट घेतला. "साखर लई टाकलीय."

"म्या न्हाय टाकली. सुनंनं टाकली."

बारा वर्षांनंतर दोघं एवढंच बोलले. कोकरांचा विषय कुणी काढला नाही.

धाराशिवच्या टायपिस्टनं मेंढ्या असलेला करार टाईप करायला नकार दिला; असा नमुना नसतो म्हणाला. म्हणून नेहमीचा करार झाला आणि कल्याणप्पानं त्याच्या मागच्या बाजूला पेनानं लिहिलं:

*दहा रात्री बसल्या. मेंढ्या १२४, मोजून. सबब भाडे रु. १५००, तीन साल. शटर दुरुस्ती मालकाकडे.*

शेवटची ओळ दीपालीनं लिहायला लावली. "हे कधी ठरलं?" तो म्हणाला. "आत्ता," ती म्हणाली. त्यानं सही केली. गाळा राहिला. अकरा ब्लाऊज त्या आठवड्यात पूर्ण झाले.

कळप बांध ओलांडून गेला त्या दिवशी सकाळपर्यंत ठिपकीच्या गळ्यातली ती घंटा बिराप्पाच्या एडक्याच्या गळ्यात होती. आणि तो एडका बिराप्पाशिवाय कुणाला गळ्याला हात लावू देत नाही.