डावखुरा घोडेस्वार

"काका, आरसा धरला ना, की एकदम सरळ दिसतंय बघा!" पितळ घासणारी सोजराबाई म्हणाली आणि पर्समधला चिमुकला आरसा तिने किसनकाकांनी कोरलेल्या पितळी प्लेटसमोर धरलासुद्धा.

काका वाकून बघू लागले. आरशातल्या घोडेस्वाराच्या उजव्या हातात भाला, अगदी मूळ चित्रासारखा. प्लेटवरचा मात्र चक्क डावखुरा!

चिखलीच्या त्या शेडमध्ये काका छत्तीस वर्षं लोखंडी ठसे कोरत होते. ठशावर आकडा उलटा कोरायचा, तेव्हा कुठे तो मालावर सुलटा उमटतो. हाताला आता तेच वळण.

पण लेझर मशीन आलं आणि मालक गणराजशेठ स्पष्टच बोलले, "चाकणच्या कंपनीतले स्पॅनिश साहेब मायदेशी चाललेत. त्यांच्याकडच्या जुन्या कादंबरीतलं चित्र पितळेवर हातानं कोरून भेट द्यायचंय. हे जमलं तर तुम्ही राहिलात, काका. नाहीतर मशीन आहेच."

शेकडो वर्षांपूर्वीच्या आवृत्तीतलं चित्र ते! हडकुळा म्हातारा, त्याहून हडकुळा घोडा, मागे पवनचक्क्या. काकांना गोष्ट ठाऊक नव्हती, पण रेघा वाचता येत होत्या. 'हितं गड्यानं छिन्नी पाजळलीय, हितं दमलाय,' असं पंधरा दिवस ते त्या कारागिराशी बोलत बसले. आणि सवयीनं अख्खं चित्र उलटं कोरून बसले.

गणराजशेठनी प्लेटचा फोटो कंपनीला पाठवला, आणि थोड्या वेळानं फोन ठेवून आले. "कंपनीनं साहेबांना फोटो दाखवला. ते हसले म्हणे. त्यांच्याकडेही पूर्वी चित्रांची नक्कल करताना अशीच उलटी छापली जायची. पण कंपनीवाले नको म्हणतायत."

"मग त्या नक्कल करणाऱ्याला काढला व्हता का?"

"तेव्हा लेझर नव्हतं, काका." शेठनी नजर चुकवली. "समारंभ उद्यावर आलाय, एवढं जाड पितळ दुसरं नाही. मागची बाजू पॉलिश करून द्या, तिच्यावर मशीन चालवू. ही बाजू मागच्या लाकडी फळीला चिकटेल, दिसायची नाही."

"आन् माझं?"

"महिनाअखेरपर्यंत या."

"शेठ, पंधरा दिवस मान वर न्हाई केली वो त्यांनी!" सोजराबाई फणकारली. पण तोवर शेठ निघून गेले होते. "द्या काका, मी घासते."

"नगं. माझं मी करतो."

काकांनी गळ्यातला रुमाल काढला, झटकला आणि टेबलावर दुहेरी अंथरला. चित्राला ओरखडा जाऊ नये म्हणून प्लेट त्याच्यावर अलगद पालथी ठेवली, आणि पाठ घासायला घेतली.