अण्णासाहेबांचा हात

दिल्लीतलं सरोजिनी नगरचं क्वार्टर आणि सरकारी नोकरी सोडून सुधाकर नोएडातल्या एका नव्या बियाणे कंपनीत गेला. पिझ्झाची दुकानं नुकतीच निघाली होती, त्यामुळे कंपनीला ढोबळी मिरचीची स्वप्नं पडत होती. ऑफिसला चहूकडून काचा होत्या. रोपांचं काचघर मात्र अजून कागदावरच. म्हणून बारा वाणांची बारा रोपं सुधाकरच्या बाल्कनीत आली. महिन्याभरात कंपनीच्या मालकांना, खन्नासाहेबांना, काही दाखवता आलं नाही, तर त्याला गाशा गुंडाळायचा होता.

अशात साताऱ्याहून सासरे आले. अण्णासाहेब माणूस हौशी. सकाळी चुना लावून तंबाखू मळायची, बार भरायचा आणि त्याच बोटांनी रोपांचं पान न् पान मायेनं पुसायचं.

वाळल्या तंबाखूतही मिरचीला रोग लावणारा विषाणू टिकून असतो आणि पानावरच्या बारीकशा ओरखड्यातून आत शिरतो, हे सुधाकरला पाठ होतं. पण जावयानं सासऱ्याला हात धुवा म्हणायचं कसं?

"तू सांग ना त्यांना," तो बायकोला, सुनेत्राला म्हणाला.

"रोपं तुझी. तूच बोल ना यार."

बोलू बोलू म्हणता तीन आठवडे गेले. अकरा रोपांची पानं पिवळी-हिरवी, चट्टेरी होऊन आकसली. बाराव्याच्या पानांवर तपकिरी ठिपके पडले आणि ती गळाली. सुधाकर ते उपटायला गेला आणि थबकला. शेंडा हिरवागार होता. विषाणू शिरला तिथल्या चिमूटभर पेशी रोपानं स्वतःच मारल्या होत्या. विषाणू जागच्या जागी कोंडला गेला होता. खन्नासाहेबांना दाखवायला रोगाला दाद न देणारा वाण सापडला होता. सुधाकरला आनंदानं रडू आलं.

खन्नासाहेब तर खूशच झाले. "सुधाकर जी, टेस्ट बिल्कुल ऐसे ही करनी है. चालीस पौधे और भेज रहा हूँ."

रोपं आली. सुधाकरनं धीर एकवटला. "अण्णा, जरा यांच्यावरून हात फिरवता का?"

अण्णासाहेबांनी दोन्ही तळवे पुढे केले. साबणाचा वास आला. "सुनेत्रानं सांगितलं सगळं. फार नुकसान केलं हो मी तुमचं, जावईबापू. पन्नास वर्षांची तंबाखू, परवा सोडली. तुमच्यासाठी."

सुधाकरनं त्या चाळीस रोपांकडे पाहिलं. त्यानं चपला अडकवल्या.

"पानवाल्याकडून पुडी मी आणतो, अण्णा," तो म्हणाला. "मळायची कशी, तेवढं मला शिकवा."