माझी शेजारीण कुंडीत गेली

मी एक जुनी खरपुडी आहे. खालापूरच्या वरच्या डोंगरात, कड्याच्या पोटाशी, गवतात राहते. माझं फूल कंदिलासारखं दिसतं, म्हणून शहाणी माणसं मला कंदीलपुष्प म्हणतात. तुम्हाला मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. पण खरं सांगू? आज मी भयंकर चिडलेली आहे.

उन्हाळाभर मी मातीखाली कंद होऊन निजते, पावसात वर येते. वणवे सोसले. रानडुकरांनी माझं गणगोत उकरून खाल्लं. खालचं पठार तर बंगल्यांच्या प्लॉटसाठी जेसीबीने खरवडून नेलं. तरी मी तग धरला, कारण हाकेच्या अंतरावर माझ्याच जातीची एक शेजारीण होती. चिलटं तिच्या फुलात शिरायची, रात्रभर अडकायची आणि सुटली की तिचे पराग घेऊन माझ्याकडे यायची. त्याशिवाय मला बी धरत नाही. अख्ख्या कड्यावर आम्ही दोघीच उरलो होतो.

एका रविवारी नीलेश आला. शिळफाट्याचा, गळ्यात भलामोठा कॅमेरा. "बाप रे, दुर्मिळ फूल!" म्हणत शेजारणीपुढे गुडघ्यांवर बसला. मी मेली हुरळले! तेवढ्यात त्याने तिच्या भोवतीचं गवत उपटायला सुरुवात केली.

गुरं घेऊन आलेल्या मैनाने हटकलं, "अरं, गवत कशाला उपटतोस रं? त्याच्याच आधारानं उभी हाय ती."

"फोटोत मधे येतं, मावशी."

फोटो काढले ते काढले, वर शेजारणीला कंदासकट उकरून पिशवीत घातलं. "इथे कोणीतरी तुडवेल. घरी कुंडीत वाचेल तरी," म्हणाला. वाचेल, डोंबल! कातळावरच्या बोटभर मातीत वाढलेल्या जिवाला कुंडीतलं कसलं सुख?

पुढच्या रविवारी स्वारी पुन्हा हजर, हातात खुरपं. "तो कंद कुजला, मावशी. पाणी जास्त झालं बहुतेक. आता ही नेतो, या वेळी नीट जपेन."

तो माझ्याकडे वळला. पण मैना आडवी आली. "एक मारलीस, तेवढ्यानं पोट नाय भरलं तुजं? चल, उतर खाली! हात लावशील तर काठी घालीन."

तो उतरला. जाताना पुटपुटत होता, "या लोकांना निसर्गाची कदरच नाही." ऐकलंत? कदर म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी वाचले, मैनाचे उपकार. पण वाचून करू काय? आज सकाळी माझं फूल उमललं. चिलटं आली, तीही कोरडीच. पराग आणणार तरी कुठून? दोन-चार दिवसांत हे फूल बी न धरता गळून जाईल.

मला दुर्मिळ म्हणून कौतुक करू नका, मित्रांनो. जन्माने मी दुर्मिळ नव्हते, तुम्ही केलंत मला. एखाद्या दुसऱ्या कड्यावर माझ्या जातीच्या दोघी जवळजवळ उभ्या दिसल्या, तर लांबून बघा, हात खिशात ठेवा आणि चालू पडा. त्यांना एकमेकींची गरज आहे, तुमची नाही.