बेसमेंटमधलं अस्वल

कॅनडातल्या किचनर गावी बापूंच्या बेसमेंटमध्ये वेदांतचा बँड भाड्याने राहायचा. लोकगीतात रॉक मिसळून ही मंडळी उलथन्यापासून घर तापवणाऱ्या फर्नेसपर्यंत सगळं वाजवायची. पण दुपारी बापू आडवे झाले, की खाली चिडीचूप! बापूंना कळेना, पाणी कुठे मुरतंय?

आपण घोरत नाही, हे त्यांनी बायकोपुढे चाळीस वर्षं लावून धरलेलं.

बँडचा नवा आल्बम आला, वेदांतने तो घरात लावला. ढोलकीमागून अशी गुरगुर उठली, की छपरावरचा बर्फ घसरला.

"अहो, हे तर तुम्ही!" प्रमिलाबाई ओरडल्या.

"छे! अस्वल असेल."

"काका, तुमच्या खोलीतून खाली येणाऱ्या गरम हवेच्या व्हेंटला माइक लावला होता," वेदांत म्हणाला. "लोक वेडे झालेत. टूरला येता? नाव छापतो तुमचं."

बापूंनी त्याला संशयाने न्याहाळलं. "नाव अस्वलाचंच छाप. त्याला मी घेऊन येतो."