पोतूला सोडलं त्यानंतर

मी एक जुना फिश टँक आहे. अडीच फूट लांब, दीड फूट उंच, डाव्या कोपऱ्यात एक तडा आणि त्यावर सिलिकॉनचं ठिगळ. मित्रांनो, टँकला सांगण्यासारखं आयुष्य असतं तरी काय, असं तुम्हाला वाटेल. पाणी भरतात, पाणी काढतात, संपलं. पण माझ्यातून एकदा एक मासा बाहेर गेला. ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझा जन्म ठाण्यात, टेंभी नाक्याजवळच्या एका गल्लीत झाला. कारागिराने पाच काचा चिकटवल्या, पाणी भरून दोन दिवस वाट पाहिली आणि थेंबही गळला नाही म्हणून माझ्यावर थाप मारली. तेवढीच माझी शाबासकी. मग हरिहरराव आणि मंदाकिनीताई यांनी मला आंबिवलीला नेलं. तिथे नव्या सोसायटीत त्यांचा फ्लॅट होता आणि कादंबरी नावाची नऊ वर्षांची मुलगी होती.

दुकानदाराने चार गोल्डफिशबरोबर बोटाएवढा एक काळपट मासाही दिला होता. "सकर आहे. काच साफ ठेवतो," म्हणाला. तो दिवसभर तोंडाने मला चिकटून शेवाळ खरवडायचा. मंदाकिनीताई हसून म्हणाल्या, "अगं बाई, हे तर पोतेरंच! आणि कामवालीसारखे खाडेही करत नाही." कादंबरीने त्या पोतेऱ्याचा पोतू केला.

खरं सांगतो, मला त्याचा लळा लागला होता. गोल्डफिश माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. पोतू मात्र मला बिलगून झोपायचा.

गोल्डफिश एकेक करून गेले. पोतू वाढत राहिला. दोन वर्षांत तो कोपरापर्यंतच्या हाताएवढा झाला. वळायचं असलं की बोळात अडकलेल्या टेम्पोसारखा मागेपुढे करायचा. त्यातच हरिहररावांची बदली ठाण्याला झाली. दुकानदार एवढं धूड परत घेईना.

"मारून टाकायचा का?" हरिहररावांनी हळूच विचारलं.

"काहीतरीच काय!" मंदाकिनीताई म्हणाल्या. "घरातला जीव आहे तो. उद्या गणपती पोचवायला तळ्यावर जातोच आहोत. त्यालाही नेऊ."

म्हणून दीड दिवसाच्या गणपतीबरोबर, निर्माल्याच्या पिशवीशेजारी, निळ्या बादलीत बसून पोतू निघाला. परत आल्यावर कादंबरी रडत होती. मंदाकिनीताई तिचे डोळे पुसत म्हणाल्या, "वेडे, जीवदान दिलंय आपण त्याला. केवढं मोठं पाणी मिळालं!" मलाही ते पटलं. त्या वर्षी आमच्या सोसायटीतून अशा आणखी तीन बादल्या तळ्यावर गेल्या, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

ठाण्याला मी बाल्कनीत पडलो. आधी माझ्यात कांदे होते, मग जुन्या चपला, आणि एकदा मांजर व्याली. तडा तेव्हाचाच. तेरा-चौदा वर्षं कोणी माझ्यात तांब्याभर पाणी ओतलं नाही.

यंदाच्या मार्चमध्ये एका रविवारी कादंबरीने मला बाहेर ओढलं. आता ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिने तडा बुजवला, मला घासलं आणि टेम्पोत घातलं. "तू कुठे चाललीस हे लटांबर घेऊन? मीही येते," असं म्हणत मंदाकिनीताई पुढच्या सीटवर चढून बसल्या. मुलीने नको म्हटलं नाही.

आम्ही पुन्हा आंबिवलीला, त्याच तळ्याकाठी आलो. काठावर शिवरामकाकांचं घर. त्यांच्या तीन पिढ्या त्या तळ्यावर मासे धरत आल्या. मला पडवीत उतरवल्यावर ते म्हणाले, "ये पोरी, पेटी मोठी हाय की! यात तर मीच मावंन."

तिथून मला तळं दिसत होतं. एका बाजूला सगळं पाणी जलपर्णीने झाकलेलं. उरलेलं मातकट, जेमतेम गुडघ्यापर्यंत. काकांनी पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं, टाकलं आणि ओढलं. त्यात काळे, खरखरीत, काटेरी सकर होते. दुसरा एकही मासा नव्हता.

"बगा ताई," ते मंदाकिनीताईंना म्हणाले, "खायला नाय, इकायला नाय. जालं फारतात, काठ पोखरतात, दुसऱ्यांची अंडी ओरबारतात. उनात टाकले तरी लवकर मरत नाय. कुनी पुन्यवान मानसानं आनून सोरले देव जाने!"

 मंदाकिनीताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

कादंबरीने माझ्यात पाणी भरलं, तसा काकांनी जाळ्यातला एक सकर सहज माझ्यात टाकला. तो सरळ काचेला येऊन चिकटला आणि खरवडू लागला. मित्रांनो, ती पकड मी ओळखली. तो पोतू नसेल, त्याचा नातू-पणतू असेल. पण त्याच इमानाने तो मला पुसत होता. आपण कोणाचा घास काढून घेतला, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? त्याला कोणी विचारून आणलं नव्हतं.

पण त्याला लगेच बाहेर काढलं. मला तिथे आणलं होतं ते टिकलीसाठी. टिकली म्हणजे त्या तळ्यातली बोटभर चंदेरी मासोळी. शेपटीजवळ काळा ठिपका, म्हणून काकांनी ठेवलेलं ते नाव. पूर्वी पागात शेकड्यांनी यायची. आता महिनाभर रोज जाळं टाकून नऊ मिळाल्या. काकांच्या घरामागे एक विहीर आहे, तिथे अजून सकर पोचलेला नाही, पण उन्हाळ्यात ती रोज तळापर्यंत उपसतात. पावसाळ्यात टिकल्या अंडी घालतात. तोवर या नऊ माझ्यात जगवायच्या आणि मग विहिरीत सोडायच्या, असं ठरलं होतं. तळ्यातली टिकली संपली तरी विहिरीत राहील.

एप्रिलच्या एका शनिवारी मायलेकी त्यांना बघायला आल्या होत्या. ऊन त्रेचाळीसवर गेलेलं. "पूर्वी असं वैशाखात एखादा दिवस तापायचं," काका म्हणाले, "आता होली झाली का चूल पेटली." भर दुपारी लाइट गेली आणि माझा हवेचा पंप थांबला. पाणी कोमट झालं. टिकल्या वर येऊन तोंडं उघडमीट करू लागल्या.

कादंबरीने माझ्याभोवती ओली गोणपाटं गुंडाळली. काका विहिरीचं गार पाणी आणत राहिले. मंदाकिनीताईंनी पेला घेतला. माझ्यातलं पाणी उचलायचं, उंचावरून ओतायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. एक पेला, दुसरा पेला, पुन्हा तोच. गुडघे धरून बसणारी ती बाई तीन तास उभी होती.

"आई, बस आता. मी ओतते."

"नको. निळी बादली मीच उचलली होती." त्यांनी मान वर केली नाही. "तुला केव्हापासून माहीत होतं गं?"

"एमएस्सीला असल्यापासून."

"मग बोलली नाहीस ती?"

"कसं बोलणार, आई? तू किती खुश होतीस त्या दिवशी."

एकेक टिकली आडवी होऊन तरंगू लागली. लाइट आली तेव्हा दोनच पोहत होत्या. पंप सुरू झाला तरी मंदाकिनीताईंचा पेला थांबेना. शेवटी काकांनी तो हातातून काढून घेतला आणि वाकून माझ्यात बघितलं.

"पोटं बग पोरी," ते हळूच म्हणाले. "दोनी माद्याच."

पावसाळा आला. त्या दोघींनी माझ्यातल्या पाणवनस्पतीवर अंडी घातली, मोहरीहूनही बारीक. मंदाकिनीताई ठाण्याहून खास बघायला आल्या. "यातून निघतील ना गं?" त्यांनी विचारलं. "नराशिवाय नाही निघत, आई," कादंबरी म्हणाली. दोन दिवसांत अंडी पांढरी पडली आणि विरघळून गेली.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझा एखादा भाऊबंद असेल. त्यातला जीव जड झाला तर दुकानदाराच्या खनपटीला बसा, जाणत्या माणसाला विचारा, नाहीतर त्याला मरेपर्यंत सांभाळा. पण दया आली म्हणून तळ्यात, नदीत सोडू नका. त्याला आणण्याआधीच तो केवढा होईल ते विचारा. माझ्या घरी कोणी ते विचारलं नाही.

त्या दोन टिकल्या अजून माझ्यातच आहेत. शिवरामकाका अजून रोज सकाळी पाग टाकतात. काळ्या माशांच्या ढिगात बोटं घालून चंदेरी काही हाताला लागतं का ते चाचपतात. मंदाकिनीताई ठाण्याहून त्यांना रोज फोन करतात आणि एवढंच विचारतात, "नर मिळाला?"