दारावर बसलेली रंभा

कारखान्यासाठी रंभाचं शेत गेलं तेव्हा ती गप्प राहिली. घर पाडायला माणसं आली तेव्हाही तिनं भांडीकुंडी, अंथरुणं मुकाट्यानं बाहेर काढली. पण सरकारसाठी जमिनी मोजणाऱ्या ओमप्रकाश अमिनानं घराचं दार चौकटीसकट उखडून सरकारी बैलगाडीवर चढवलं, तशी ती उसळली.

"उतरवा ते! माझ्या नवऱ्याच्या हातचं हाय."

तेजराम जाऊन तीन वर्षं झाली होती. गोंदियाकडून इकडे दुर्गजवळ बिऱ्हाड आणलं त्या साली त्यानं ते सागवानी दार घडवलं होतं. मातीच्या घराला एवढं थोरलं दार कशाला म्हणून गाव हसलं होतं.

"जमीन पर जो खड़ा है, सब सरकार का," ओमप्रकाश म्हणाला.

"आता कुठी उभं हाय ते? आडवं हाय ना!"

रंभानं पदर खोचला, चाकावर पाय देऊन गाडीत चढली आणि दारावर मांडी ठोकून बसली.

विधवा बाईला हात कोण लावणार? गाडीवान शालिकराम तर बैलांकडेच बघत राहिला. तेवढ्यात तिचा धाकटा दीर देवाजी कामावरून धावत आला. कारखान्याच्या पाया खणण्याच्या कामावर त्याला नुकतंच घेतलं होतं.

"वहिनी, उतरा ना. सरकारशी कावून भांडून राहिल्या? माझी नोकरी जाईन."

"तुमची नोकरी तुमी सांभाळा, भाऊजी. मी माझं दार सांभाळतो."

देवाजीचा चेहरा पडला. बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं, पण ती हलली नाही.

"बैठने दो. हाँक गाड़ी!" ओमप्रकाश ओरडला. ऊन लागलं की उतरेल, असा त्याचा हिशेब होता.

रंभा उतरली नाही. गिट्टीचे ट्रक धूळ उडवत शेजारून जात होते, घसा कोरडा पडला होता, पाय बधिर झाले होते. दुर्गच्या बाजारात लोक विचारू लागले, "बाई, काय झालं?" तिनं प्रत्येकाला खणखणीत आवाजात सांगितलं. कचेरीच्या आवारात गाडी शिरली तेव्हा मागं ही गर्दी. शिपायांच्या काठ्या पाहून तिनं मांडी आणखी घट्ट केली.

गलका ऐकून साहेब बाहेर आले. सगळं ऐकून त्यांनी ओमप्रकाशला विचारलं, "घराच्या मोबदल्यात हे दार धरलं होतं?"

"मिट्टी की दीवार धरी थी, साहब. छत की खपरैल धरी थी."

"आणि दार?"

"दरवाज़ा नहीं धरा, साहब."

"मग हे बाईचं आहे. बाई, घेऊन जा तुमचं दार."

"मी नाही आणलं, साहेब," रंभा बसल्या जागेवरून म्हणाली. "ज्यानं आणलं, त्यानंच पोचवावं."

गर्दीत हशा पिकला. साहेबांनी ओमप्रकाशकडे नुसतं पाहिलं. तो निमूट शालिकरामच्या शेजारी जाऊन बसला.

उन्हं कलताना गाडी परतली. घराच्या जागी मातीचा ढीग होता.

"अब कहाँ उतारूँ?" ओमप्रकाशचा आवाज उतरला होता.

रंभानं ढिगाकडे पाठ फिरवली. "खुर्सीपार गावाले. माझ्या दिराकडे."

देवाजीच्या खोपटात वाकून शिरावं लागे. रंभा गाडीतच बाजूला सरकली; ओमप्रकाश आणि शालिकरामनं दार भिंतीला टेकवलं तर ते छपराच्याही वर गेलं. देवाजीनं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा वहिनीकडे. मग आतून लोखंडी सब्बल आणली आणि स्वतःच्याच भिंतीवर घाव घातला.

"भाऊजी, भिंत पडन!"

"पडू द्या," तो म्हणाला. "उंच बांधू. तुमी तेवढी माती कालवा."

रंभा खाली उतरली.